नंबर नानांचा लिहा

आमच्या सावद्याच्या गल्लीत कोणालाही कोणी मोबाइल नंबर विचारला, मग तो बँकेवाला असो, रेशनवाला असो की गॅसवाला, उत्तर ठरलेलं असायचं: "नानाचा लिहा." नाना म्हणजे माझे वडील. केळीच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी मुनीम म्हणून आयुष्य काढलं. भरलेले ट्रक उत्तरेकडे जायचे, रस्त्यात कुठे अडकले की ड्रायव्हरचा फोन नानांना यायचा, म्हणून गल्लीतला पहिला मोबाइल आमच्या घरी आला. पुढे घरोघरी फोन झाले, पण नानांच्या नंबरचा मान काही गेला नाही. गल्लीतली पोरं नवी ऑफर आली की सिम बदलायची, बायांना स्वतःचा फोन मिळायचा तो नवऱ्याचा जुना झाल्यावर. कायमचा नंबर एकच होता.

ओळखपत्रांचं शिबिर शाळेच्या व्हरांड्यात लागलं तेव्हा आमची अख्खी गल्ली रांगेत उभी होती आणि एकामागून एक तोच नंबर सांगत होती. मशीनवर बसलेला मुलगा वैतागला. "आजोबा, तुमचे इतके नातेवाईक?" असं त्याने विचारलं. नाना म्हणाले, "सारी गल्लीच मही हाये, तू लिही." त्याने लिहिलं. नानांना ही गोष्ट सांगायला फार आवडायचं, आणि दर वेळी रांग थोडी लांबायची.

मी लग्न होऊन धुळ्याला आले. देवपुरात राहते, तिथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. गेली काही वर्षं शाळाशाळांत जाऊन ऑनलाइन फसवणुकीवर बोलते. हे काम मला कोणी दिलेलं नाही. आमच्या शेजारच्या एका शिक्षकांना कोणीतरी फोनवरून लुबाडलं, ते लाजेने आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत, तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी तशीही तापट आहे. मुलांपेक्षा आयांशी बोलायला मला जास्त आवडतं, कारण घरातला फोन कोणाच्या हाती आहे हे त्यांना बरोबर माहीत असतं.

आणि अशा बाईच्या माहेरी काय चालायचं? संध्याकाळी नाना ओट्यावर बसायचे. नाकावर चष्मा, फोनची अक्षरं एवढी मोठी केलेली की एका वेळी तीनच शब्द दिसावेत. मेसेज आला की नाना हाक मारायचे, "अक्का, तुह्या गॅसचा आला. लिही. चार... सात... शून्य..." पलीकडच्या टोकाची अक्का ओरडून विचारायची, "नाना, शून्याच्या आंधी काय?" नाना पुन्हा सुरुवातीपासून सांगायचे. जाणारा-येणारा ऐकायचा, सायकलवरचा पाववाला ऐकायचा. मी माहेरी असले की कपाळावर हात मारायचे. "नाना, ओटीपी कोणाला सांगायचा नसतो हो! मी जगाला हेच शिकवत फिरते." नाना शांतपणे म्हणायचे, "मंग मी कुठी कोनाले सांगू राह्यलो? ज्याचा त्यालेच देऊ राह्यलो."

आमच्या कॉलेजात एकदा बाहेरचे एक पाहुणे व्याख्यानाला आले होते. माणसाची ओळख एकाच कार्यालयात, एकाच कपाटात ठेवू नये, ती ज्याची त्याच्यापाशी असावी, तसं तंत्रज्ञान आता येतंय, असं ते सांगत होते. विकेंद्रित हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की मागच्या बाकावरची पोरं मोजायला लागली. मला आमची गल्ली आठवली. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. सगळ्यांचे कपडे एकाच खुंटीला टांगले होते, आणि ती खुंटी म्हणजे बीपीच्या गोळ्या विसरणारा एक म्हातारा होता. मी सुट्टीत जाऊन हे नानांना सांगितलं. ते हसले, "खुंटी मजबूत हाये" म्हणाले. मीही हसले.

आमच्या समोरच्या घरात एक मुलगी होती. तिचा बाप केळीचे घड वाहण्याचं काम करतो, त्याच्या खांद्यावरचा शर्ट केळीच्या चिकाने कायम काळा. मुलगी अभ्यासात हुशार, बोलायला हळू. बारावीनंतर तिला नर्सिंग करायचं होतं. बापाने सांगून टाकलं होतं, सरकारी कॉलेजात नंबर लागला तर शिक, नाही लागला तर तुळशीचं लग्न झालं की तुझं. तो वाईट माणूस नाही. खाजगी कॉलेज त्याच्या आवाक्यात नव्हतं आणि पोरीला घरी बसवून ठेवायची त्याला भीती वाटायची. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिने हिवाळ्यात भरला, नेट कॅफेत बसून. मोबाइल नंबर नानांचा. कॅफेतून तिने वडिलांच्या फोनवरून नानांना विचारलं, नानांनी आकडे सांगितले आणि वर म्हणाले, "सीट लागली का पह्यला मेसेज मलेच येईन, पाहजो."

माघात नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

अस्थी घेऊन माझा धाकटा भाऊ चांगदेवला गेला, तापी-पूर्णेच्या संगमावर. गल्लीतले सगळे पुरुष दोन गाड्या करून बरोबर गेले होते. नानांचा फोन भावाच्या खिशात होता आणि त्या तीन दिवसांतही तो वाजत होता, कोणाच्या ना कोणाच्या मेसेजने. आमच्याकडे माणसाच्या आवडीची वस्तू त्याच्याबरोबर देतात. कोणाची तंबाखूची डबी देतात, कोणाची टोपी. भावाने अस्थी सोडल्या, मग खिशातून फोन काढला आणि हातात धरून रडायला लागला. कोणीतरी म्हणालं, "दे रे, नानाले त्याच्याबिगर करमन का?" सगळ्यांनी माना हलवल्या. समोरच्या मुलीचा बापही तिथे होता, तोही रडत होता. भावाने फोन पाण्यात सोडला. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं गॅसचं, रेशनचं, बँकेचं दार त्या फोनमध्ये होतं, आणि एकाच्याही मनात ते आलं नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही बायकाही रडलो. फार बरं केलंत, असंच आम्हाला वाटलं. मीही त्यात होते, कॉम्प्युटर शिकवणारी.

पुढच्या आठवड्यात अक्काचा गॅस अडला तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. नंबर परत मिळवता येतो, वारसाने कागद दिले की त्याच नंबरचं नवं सिम मिळतं, हे मी भावाला सांगितलं. पण आईने हात जोडले. "त्या नंबरवर दुसऱ्या कोनाचा आवाज मले ऐकवनार नाही," म्हणाली. गल्लीने आईचा शब्द मोडला नाही. ज्याला त्याला गरज पडली तसा जो तो आपापला नंबर बदलत गेला. समोरच्या मुलीला लगेच काही गरज पडली नाही. लॉगिन होतं, पासवर्ड होता, निकाल लागला तोही दिसला. मार्क चांगले होते.

भाद्रपदात नानांच्या भरणी श्राद्धासाठी मी सावद्याला गेले. पानं वाढून झाली होती, कावळा शिवून गेला होता, बायका मागचं आवरत होत्या, आणि ती मुलगी धावत आमच्या दारात आली. तिला सीट लागली होती. सरकारी कॉलेज, मुलींचं वसतिगृह, सगळं. पण सीट स्वीकारल्याचं पोर्टलवर नोंदवायचं होतं आणि त्याचा ओटीपी नोंदवलेल्या नंबरवर जात होता. आधीचे दोन दिवस ती साइट उघडतच नव्हती. आता उघडली होती, आणि संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. "ताई, तो नानांच्या फोनवर चाल्ला," एवढंच तिला बोलता आलं.

मी तशीच तिच्याबरोबर कॅफेत गेले. म्हटलं, नंबर बदलू. नंबर बदलायला ओटीपी लागत होता आणि तो जुन्या नंबरवर जाणार होता. ओळखपत्राने खात्री करू म्हटलं, तर तिच्या ओळखपत्रालाही नानांचाच नंबर जोडलेला. तिथला नंबर बदलायला केंद्रावर जावं लागतं आणि बदल दिसायला काही दिवस जातात. मदतीच्या फोनवर संगीत वाजायचं, बराच वेळ वाजायचं, आणि फोन कटायचा. ईमेल केला. तक्रार नोंदवली आहे, कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर मिळेल, असं ताबडतोब उत्तर आलं. मला इतका संताप आला की कॅफेवाल्याच्या टेबलावर मी हात आपटला. आयुष्यभर ही मुलगी ज्यांच्या समोर वाढली ती सगळी माणसं या गल्लीत होती. ही तीच आहे हे कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण विचारायचं कोणाला, तर तापीच्या तळाशी पडलेल्या फोनला.

कॅफेवाला म्हणाला, "ताई, तो नंबर एकदा लावून तर बघा. कंपनीने आता दुसऱ्या कोणाला दिला असेल."

माझ्या फोनमध्ये तो अजून 'नाना' म्हणूनच होता. दाबलं आणि पांढऱ्या टोपीतला त्यांचा फोटो आला. फोन लागण्याआधी ती नेहमीची सूचना वाजली, ओटीपी कोणालाही सांगू नका. मग रिंग गेली. पलीकडून एका बाईने उचलला, बोली अहिराणी. "कोन बोली राहिनं?"

मी सांगायला लागले आणि चुकले. घाईत माझी भाषा ऑफिसातल्यासारखी होते. हा नंबर आधी माझ्या वडिलांचा होता, आता तुमच्याकडे एक सहा आकडी संदेश आला असेल, तो कृपया मला सांगा. बाई म्हणाली, "माले काय माहीत कोना नाना? हाऊ नंबर आते मना शे, दुकानमाईन लेयेल शे. रोज कोनाना कोनाना मेसेज येतस यावर. ओटीपी मी देवाव नई."

मी तिला विनवलं, कुठल्या तुम्ही, म्हणून विचारलं. धुळ्यापलीकडच्या नरडाण्याची होती, नवरा तिथल्याच कारखान्यात कामाला. मी म्हटलं, एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. बाई म्हणाली, "मांगे एक मानुसनी असंच गोड बोलीसन आकडा लिधा आनि खातं साफ करी टाकं. मना नवरा अजून माले बोलस." तिच्या आवाजात राग नव्हता. एकदा पोळलेल्या माणसाचा सावधपणा होता, आणि तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

मुलीने माझ्या हातातून फोन घेतला. काकू, मी खरंच बोलतेय, माझी सीट जाईल, असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, आता सांगेल. मग ती हळूच म्हणाली, "बेटा, मनी पोरनी शाळामा एक मॅडम येयेल होत्यात. त्यासनी सांगेल शे, समोरनी बाई रडनी तरी देवानं नई. रडानं हाईच त्यासनी आखरी युक्ती ऱ्हास."

ते वाक्य माझं होतं. नरडाण्याच्या शाळेत उन्हाळ्याआधी मी गेले होते, हॉलभर आया सतरंजीवर बसल्या होत्या, आणि समोरचा रडला तरी देऊ नका, रडणं ही त्यांची शेवटची युक्ती असते, हे मी बोट वर करून सांगितलं होतं. आयांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी फोन हिसकावून ओरडले, "अहो, ती मॅडम मीच! तुमच्या शाळेत आलेली मीच!"

पलीकडे ती थोडं हसली. "हाईबी त्यासनी सांगेल शे. म्हनेत, ते सांगतीन का तुमना वळखना शेतस, तरी इसवास ठेवानं नई." आणि तिने फोन ठेवला.

पुन्हा लावला तर उचलला नाही. मी भावाच्या फोनवरून लावला, कॅफेवाल्याच्या फोनवरून लावला, अक्काच्या नातवाच्या फोनवरून लावला. वेगवेगळ्या नंबरांवरून वेगवेगळी माणसं एकच आकडा मागतायत. हे तर मी माझ्या भाषणात टोळीचं लक्षण म्हणून सांगते. शेवटी तिने फोन बंद करून टाकला. शहाणी बाई. मी शिकवलेली एकही गोष्ट ती विसरली नव्हती.

पाच वाजले आणि पानावर लाल अक्षरात मुदत संपल्याचं आलं. मुलीने ते दोनदा वाचलं, मग कॅफेवाल्याला म्हणाली, "दादा, बंद करा." आम्ही गल्लीत परत आलो तेव्हा तिचा बाप दारात उभा होता. त्याला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "फोन आम्हीच सोडला ना पान्यात. सगळ्यांनी मिळून." माझा भाऊ घरात जाऊन बसला आणि आईने श्राद्धाचं उरलेलं अन्न झाकून ठेवलं, कोणी जेवलं नाही.

पुढे मी अर्ज केले, धुळ्याहून, जळगावला जाऊन, ओळखीच्यांना गाठून. सगळीकडे मला नम्रपणे समजावण्यात आलं की सीट पुढच्या फेरीत दुसऱ्या उमेदवाराला गेली आहे आणि नोंदवलेला नंबर चालू ठेवणं ही उमेदवाराची जबाबदारी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे, मी फॉर्म भरते, असं मी तिला म्हणाले. ती बरं म्हणाली. तुळशीचं लग्न झालं आणि तिचंही झालं. मुलगा चांगला आहे असं सगळे म्हणतात. लग्नात तिने मला वाकून नमस्कार केला तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं. शाळांमध्ये मी अजूनही बोलते. ते वाक्यही बोलते, कारण ते खरं आहे. त्याने किती तरी बाया वाचल्या असतील. फक्त आता ते म्हणताना मी बोट वर करत नाही.

पण श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. मी धुळ्याला निघायच्या तयारीत होते, पिशवी ओट्यावर ठेवली होती, आई आत चहा करत होती. फोन वाजला. स्क्रीनवर नानांचा फोटो होता आणि खाली लिहिलेलं, नाना. क्षणभर मला खरंच वाटलं, नानांचाच आहे. नानांनी ऐकलं असेल सगळं आणि आता रागावतील.

"मॅडम, माफ करा हं," ती बाई म्हणाली. "मना फोनमा बठ्ठं बोलनं टेप व्हई जास. रातले मी मनी पोरले आयकाडं. तिनी तुमना आवाज लगेच वळखा. म्हने, माय, ह्या त्याच मॅडम शेतस." ती भराभर बोलत होती, धाप लागल्यासारखी. "ती पोर रडी राहिनी होती ना, माले झोपच नई उनी. तो मेसेज मी पुसा नई. लिखी ल्या."

मी म्हणायला हवं होतं की राहू द्या, आता उपयोग नाही. पण तोवर ती एक एक आकडा सावकाश, मोठ्याने सांगायला लागली, आणि चुकू नये म्हणून मी तिच्यामागून म्हणत गेले, त्याच ओट्यावर बसून. समोरच्या अंगणात ती मुलगी झाडत होती. आकडे ऐकून तिचा हात थांबला. सहाही आकडे होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग उरलेलं अंगण झाडू लागली.

"मॅडम," फोनवरून ती बाई विचारत होती, "व्हई जाई ना पोरनं काम?"

"झालं," मी म्हटलं.